दिवा न लावायची खोली

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून येऊन दुबईत, ऊद मेथ्यातल्या आमच्या घराजवळ पार्किंग शोधत होते. "पमे, ह्यांनी दार उघडलं नाही गं," ती म्हणाली. "चहा घेऊन कधीची उभी आहे. बटण दाबलं, पुन्हा दाबलं... चहा पार निवला." मी म्हटलं, "मग उघड की दार." मग अगदी हळू ती म्हणाली, "उघडू? आत काही झालेलं असलं तर?" आपल्याच घरातल्या खोलीचं दार उघडायला वहिनी घाबरत होती, आणि फोन कानाला लावून दुबईत सुरक्षित बसलेली मीही. "आधी दाराशेजारच्या तांब्याच्या पट्टीला हात लाव, मग उघड," मी म्हटलं. तिने तसंच केलं. माझा दादा आत भिंतीला टेकून बसल्यासारखा होता. टेबल स्वच्छ होतं, झाडू जागेवर होता, कपाटाला कुलूप होतं. हृदय बंद पडलं होतं. दार लगेच उघडलं असतं तरी उपयोग झाला नसता, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीला मी ते अजून अधूनमधून सांगते, कारण तिला ते अधूनमधून ऐकावं लागतं.

दादा, म्हणजे अविनाश, माझ्यापेक्षा बराच मोठा. मेकॅनिकल इंजिनिअर, अर्धं आयुष्य दुबईपासून दीडेक तासावरच्या अल ऐनमध्ये एका पॅकेजिंग कारखान्यात काढलं. पण पुण्यात कॉलेजात असताना तो रायफल नेमबाज होता, आणि ते वेड त्याचं कधी गेलं नाही. इथेही एका रेंजवर जायचा. तिथे काउंटरवर मोजून गोळ्या देतात आणि झाडलेल्या रिकाम्या पितळी नळ्या परत घेतात, हे सगळं नियमाने. दादाचं स्वप्न मात्र वेगळं होतं. निवृत्तीनंतर पुण्याजवळ घर बांधायचं, रीतसर परवाना काढायचा, आणि झाडलेली काडतुसं स्वतः पुन्हा भरायची एक आदर्श खोली त्या घरात करायची. आदर्श हा त्याचाच शब्द. त्याला कारण होते त्याचे कोच. ते काडतुसं घरी, जेवणाच्या टेबलावर भरायचे. शेजारच्या ओट्यावर गॅस, टेबलाखाली गालिचा, हाताशी चहाचा कप. एक दिवस व्हायचं ते झालं, पावडरीचा भडका उडाला. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं गेली आणि एक डोळाही. दादा तेव्हा दार उघडून आत शिरतच होता. त्याने काय पाहिलं ते मला त्याने कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

अल ऐनच्या व्हिलात मोलकरणीसाठी असलेली खोली रिकामी होती. ती त्याने तालमीसाठी घेतली. उद्या पुण्यात जी खोली करायची, ती आज इथे करून पाहायची. मला वाटलं होतं, एखादं टेबल ठेवील आणि हौस फिटेल. त्याने आधी गालिचा उखडला. मग टेबल भिंतीला बोल्टने जखडलं, कोपराच्या उंचीला, आणि त्याला चारी बाजूंनी बोटभर कड लावली, म्हणजे काही घरंगळून खाली पडायला नको. किचनच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा तराजूखाली आला, एसीचा वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात. काडतूस दाबून बसवायच्या यंत्राच्या जागी बेअरिंग बसवायचा एक साधा हातप्रेस होता, कारखान्याच्या भंगारातून रीतसर पावती करून आणलेला. बसायला स्टूल होतं. "खुर्चीत माणूस पेंगतो," तो म्हणायचा. दाराशी तांब्याची पट्टी होती, अंगातली वीज उतरून ठिणगी पडू नये म्हणून जमिनीत अर्थिंग केलेली. तिला हात लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, आणि फोन बाहेरच्या टोपलीत ठेवायचा. आग विझवायची बाटली दाराबाहेर टांगलेली. ती आत का नाही, असं मी विचारलं. "आग आत असेल पमे, तर बाटली घ्यायला तू आत जाणार आहेस का?" तो म्हणाला. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. वजन करणारा माणूस दचकता कामा नये. बाहेर एक बटण होतं, ते दाबलं की आत टेबलावर छोटा बल्ब लागे, मग हातातलं काम संपवून तो स्वतः दार उघडे. तोवर थांबायचं. वहिनी त्या दिवशी थांबली ती या नियमामुळे.

हे सगळं कायद्यात बसतं का, असं मी त्याला वरचेवर विचारायचे. आम्ही इथे व्हिसावर राहणारी माणसं. माझ्या नवऱ्याची, श्रीधरची नोकरी इथे, मुलीची, ईशाची बारावी इथे. एकाच्या घरात भलतं काही सापडलं तर सगळ्या नातलगांची सूटकेस भरायची वेळ येते, हे इथे कुणाला समजावावं लागत नाही. दादा शांतपणे म्हणायचा, "काडतुसाला पितळी नळी लागते, ठिणगीची टोपी लागते, बारुदाची पावडर लागते, गोळी लागते. माझ्याकडे यातलं काहीही नाही. हे नुसतं टेबल आहे."

"मग कपाटाला कुलूप कशाला?"

"कपाटाला कुलूप असतं म्हणून."

"आणि उघडताना मला दिसला तो लाल ठिपक्याचा डबा कसला?"

"तू लॉजिस्टिक्समध्ये आहेस की कस्टममध्ये?" असं म्हणून तो चहा मागायचा. मला ते उत्तर कधी पटलं नाही. त्यात एकदा पुण्याहून येताना विमानतळावर त्याच्या जुन्या बॅगेच्या अस्तरात एक रिकामी पितळी नळी सापडली. कॉलेजच्या काळातली, त्याला स्वतःला आठवतही नव्हती. बॅग आईने माळ्यावरून काढून दिलेली. त्याला एका खोलीत बसवून ठेवलं, वहिनी बाहेर ट्रॉली धरून उभी. सोडलं शेवटी, सभ्यपणे सोडलं. पण विमानतळावर ठेवलेली गाडी त्याला चालवता येईना, त्याने आम्हाला बोलावून घेतलं आणि ती श्रीधरने चालवली. "मी घाबरट आहे पमे," तो मागून म्हणाला. "त्यात काही वाईट नाही. कोच घाबरत नव्हते."

खंडेनवमीला आम्ही सगळे अल ऐनला जमायचो. हत्यारांची, अवजारांची पूजा. दादा प्रेसला हळदकुंकू वाहायचा, तराजूला झेंडूची माळ. पण निरांजन नाही, उदबत्तीही नाही. पहिल्या वर्षी वहिनी तबकात निरांजन लावून दाराशी आली तेव्हा तो एवढ्या जोरात ओरडला की ईशा रडायला लागली. शांत माणूस, पण चेहरा पांढराफटक. "या खोलीत दिवा लावायचा नाही. कधीच नाही." मग वहिनीने सुपारी आणि अंगठीनेच ओवाळलं, आणि पुढे तीच रीत पडली. त्या दिवशी मात्र मी मनाशी पक्कं ठरवलं की आत पावडर आहे. नुसत्या टेबलापुढे कुणी असा ओरडत नाही.

दादा गेला तो ऑगस्टमध्ये. घरात मृत्यू झाला म्हणून पोलीस आले, ते येतातच. त्यातल्या एकाने खोलीभर नजर फिरवली, प्रेसकडे थोडा वेळ पाहिलं, आणि कपाटाकडे बोट करून विचारलं, "अलमारी में क्या है?" वहिनी रडत म्हणाली, "मालूम नहीं." ते खरंच होतं. त्याने काहीतरी टिपून घेतलं आणि ते गेले. चष्मा, घड्याळ आणि कपाटाची चावी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत आली. ती चावी मी कुणाच्या हाती लागू नये म्हणून माझ्या पर्समध्ये ठेवली.

अंत्यसंस्कार इथेच केले. परतल्यावर वहिनीने कणकेचा दिवा केला. "जिथे माणूस गेला तिथे लावतात," ती म्हणाली आणि त्या खोलीकडे निघाली. मी आडवी आले. "वहिनी, त्या खोलीत नाही."

"दहा दिवस तरी लावायचा असतो गं. अंधारात राहतील ते."

"ट्यूबलाइट चालू ठेवू. दिवा नको."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काही हिरावून घेते आहे. शेवटी दिवा दिवाणखान्याच्या पार टोकाला ठेवला. त्याची ज्योत एसीच्या वाऱ्याने हलायची आणि मी त्या खोलीच्या दाराकडे पाहायचे. श्रीधर म्हणाला, "डबा काढतो, गाडीत टाकतो, वाळवंटात लांब कुठेतरी पुरून येतो." मी म्हटलं, "आणि वाटेत गाडी थांबवली तर?" ईशा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, जस्ट कॉल द पोलीस. दे आर नाइस." आम्ही दोघांनीही तिला गप्प बसवलं. पोलिसांना बोलवायचं म्हणजे आपणच आपल्या हाताने दादाचं नाव फायलीत घालायचं, आणि त्यामागून आपलंही... असं आम्हाला वाटत होतं.

निर्णय घेतला तो एसीने. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी त्या खोलीतला एसी बंद पडला. आतलं तापमान दाखवणारं एक थर्मामीटर दादाने दाराबाहेर लावलं होतं. बाहेर ऑगस्टचं ऊन, मेकॅनिक संध्याकाळपर्यंत येणार नव्हता, आणि काटा डोळ्यांदेखत चढत होता. उष्णता म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, हे दादाचं वाक्य मला पाठ होतं. मी गॅसचा मेन कॉक बंद केला, दिवाणखान्यातला दिवा फुंकला आणि सगळ्यांना अंगणात काढलं. मग पोलिसांना फोन केला. काय आहे ते माहीत नाही, भीती वाटते आहे, एवढंच सांगितलं.

ते आले. वयाने मोठा एक अधिकारी, त्याच्यासोबत दोघं. अधिकारी हिंदी चांगलं बोलायचा. मी चावी दिली. हात लावायची पट्टी दाखवली, फोन बाहेर ठेवायला सांगितला, आणि त्याने ते सगळं मुकाट्याने केलं. आम्हाला रस्त्यापलीकडे गाडीत बसवलं. वहिनीने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग अधिकारी दारात आला आणि त्याने मला हात केला.

लाल ठिपक्याचा डबा त्याच्या हातात होता, झाकण उघडं. "बारूद नहीं है," तो म्हणाला. पण त्याचा आवाज सैल झाला नव्हता. "लेकिन मॅडम, ये क्या है?"

मी आत पाहिलं. बारीक, फिकट, गोल दाणे. खसखस. इथे राहणाऱ्या प्रत्येक भारतीय बाईला ठाऊक असतं की खसखस इथे अंमली पदार्थात मोडते, पुडीभर सापडली तरी तुरुंग. त्यामुळेच तर दिवाळीच्या अनारशांना मी खसखशीऐवजी राजगिरा लावते... तिथे मला आठवलं. मागे एका दिवाळीला दादाने अनारसा उजेडात धरून न्याहाळला होता. "सगळे दाणे एकसारखे आहेत की," म्हणाला होता, आणि जाताना माझ्याकडून राजगिऱ्याची पिशवी मागून नेली होती. मला वाटलं, वहिनीच्या उपासाला.

"राजगिरा. खाने का है," मी म्हटलं. माझं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे, हे त्याच्या नजरेत होतं. "भूनके दिखाती हूँ," मी म्हटलं. "ये फूटता है. खसखस नहीं फूटती."

त्याने डबा पुन्हा हुंगला, थोडा विचार केला, एका माणसाकडे नमुन्यासाठी पिशवी भरून दिली, आणि मग म्हणाला, "यल्ला, चलो. थोडासा."

गॅसचा कॉक मी पुन्हा उघडला. लोखंडी कढई तापत ठेवली. दादाने आजवर कुलपात ठेवलेला, ज्याच्याजवळ उदबत्तीसुद्धा येऊ दिली नाही तो डबा, आणि मी त्यातली चिमूट आगीवर टाकणार होते. राजगिरा आहे हे मला कळत होतं. बोटांना कळत नव्हतं, ती उघडेनात. "आराम से," अधिकारी म्हणाला आणि स्वतः एक पाऊल मागे सरला. मी डोळे मिटून चिमूट सोडली.

तडतड झाली. सगळे नाही, जुना झाला होता, पण बरेच दाणे उमलले, पांढऱ्या लाह्या कढईभर उड्या मारायला लागल्या. अधिकाऱ्याने एक लाही उचलून तोंडात टाकली. "खलास," तो म्हणाला. नमुन्याचा निकालही पुढे नीट आला. जाताना त्याने पुन्हा एकदा खोलीत डोकावून पाहिलं. "आपका भाई बहुत साफ आदमी था," एवढं म्हणाला.

कपाटात दुसरं काही नव्हतं, ॲल्युमिनियमच्या छोट्या टोपणांची एक रांग सोडून. म्हणजे रोज संध्याकाळी दादा पावडरीच्या जागी राजगिरा तोलून एकेका टोपणात भरत होता, पुन्हा तपासत होता, पुन्हा डब्यात ओतत होता, झाडून काढत होता, कुलूप लावत होता. परवाना मिळेल त्या दिवशी खरी पावडर येणार होती, आणि त्याआधी हातांना, घराला, आम्हाला सगळ्यांना भीतीची सवय लागायला हवी होती. त्या संध्याकाळी वहिनीने नवा दिवा केला. "आता लावू ना आत?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती दारापर्यंत गेली, तांब्याच्या पट्टीला हात लावला, तिथेच घुटमळली... आणि खाली वाकून दिवा उंबऱ्याबाहेर, आग विझवायच्या बाटलीखाली ठेवला. उरलेले दिवस तो तिथेच लागत राहिला.

व्हिला आता परत केला. वहिनी पुण्याला गेली, प्रेस भंगारात गेला, तांब्याची पट्टी श्रीधरने भिंतीतून उचकटून काढली. लाल ठिपक्याचा डबा मी घेऊन आले. दिवाळी जवळ आली आहे, अनारशांचं पीठ भिजलं आहे, आणि डब्यात राजगिरा आहे हे मी स्वतः कढईत फोडून पाहिलेलं आहे. तरी तो डबा शेगडीजवळच्या फळीवर ठेवायचं माझ्याने होत नाही. पलीकडच्या भिंतीवर, सगळ्यात वरच्या कपाटात ठेवला आहे. अनारशांसाठी नवीन राजगिरा आणला.