हिच्या पुस्तकांचा हेवा

परवा हिची पेटी उघडली आन् वाळल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून हिनंच घातलेला. ही जाऊन वरीस झालं, वास अजून हाय.

निजामाच्या राज्यात आमच्या नरसीकडं मराठी पुस्तक मुश्किलीनं मिळायचं. जत्रेत हिनं कधी बांगड्या मागितल्या न्हाईत, पुस्तकच मागायची. घरी आणून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायची, फडक्यावरून हात फिरवायची. मला असं कुणी जपलं न्हाई, असं वाटायचं.

एकदा पाळीमुळं ती बाजूला बसली होती. त्या दिवसांत पुस्तकाला शिवायचं न्हाई, मलाबी न्हाई. मला म्हणली, "अवो, नवं पुस्तक जरा समोर धरता का?" मी हात धुऊन अंगणात उकिडवा बसलो आन् लांबूनच पुस्तक उघडून धरलं. माझी शाळा उर्दूतली, तीबी अर्धी. मराठी अक्षर तवा येत नव्हतं. ती "उलटा" म्हणली की मी पान उलटायचो.

मधीच ती खुदकन हसली.

"काय हाय त्यात?"

"तुमाला न्हाई कळायचं. उलटा."

माझ्या अंगाची लाही झाली. "कोण बाप्या हसवून राहिला तुला?"

ती तोंडाला पदर लावून आणिकच हसली.

पुढं तिनंच मला अक्षरं शिकवली. परवा तेच पुस्तक काढलं आन् ओळीवर बोट ठेवत शेवटापर्यंत वाचलं. सगळं रडगाणं. हसावं अशी एक ओळ न्हाई त्यात.

मंग ती माझ्याकडंच बघून हसत होती का? आता कोणाला विचारू?