अण्णांची एक ओळ

हयवदन बंगळूरचाच, चार पिढ्यांचा मराठी. जयनगरच्या त्या छोट्या संगणक कंपनीत सगळे त्याला अण्णा म्हणत. १९९६ साली पन्नाशीला टेकलेला दुसरा माणूस तिथे नव्हता. परदेशी गिऱ्हाइकाच्या यंत्रावर फायली नीट साठतात का, वीज गेली तर शाबूत राहतात का, हे तपासणाऱ्या स्क्रिप्ट तो लिहायचा. नवा कुणी आला की पहिल्याच दिवशी अण्णांची लॉगिन फाइल, म्हणजे खातं उघडताच आपोआप चालणाऱ्या ओळी, आपल्या खात्यात उतरवून घ्यायचा. ऑफिसचा कुलाचारच होता म्हणा ना.

एकदा गिऱ्हाइकाची तक्रार आली: तुमच्या चाचण्या इकडे पासच होत नाहीत. हे काम गेलं तर विभागाला टाळं, आणि या वयात अण्णांना दारात कोण उभं करणार?

त्याने शोध घेतला आणि पायाखालची वाळूच सरकली. निकाल ठेवायच्या कप्प्याला, म्हणजे व्हेरिएबलला, स्क्रिप्टमध्ये सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. ती होती त्याच्या लॉगिन फाइलमध्ये: शून्य, म्हणजे पास. कधीकाळी यंत्राची कुरकुर थांबवायला त्यानेच घातलेली ओळ. त्यामुळे चाचणी अर्ध्यात बंद पडली तरी ऑफिसभर पासच दिसायची; गिऱ्हाइकाकडे ती फाइलच नव्हती. त्याने प्रत्येक स्क्रिप्टची सुरुवात ‘नापास’ने केली आणि सगळ्या पुन्हा चालवल्या. वीज गेल्यानंतरची चाचणी आजवर एकदाही शेवटपर्यंत गेलेलीच नव्हती. लाजेने त्याला मान वर करवेना.

मॅनेजर वीणा पुण्याची. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“अण्णा, हे क्लायंटला कळलं तर प्रोजेक्ट क्लोज. तुमची लॉगिन फाइलच पाठवून द्या ना त्यांना, सेटअपचा भाग म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“अम्मा, पण लोकांच्या फायली बुडतील की!”

“आणि आपल्या नोकऱ्या?”

हयवदनने आपल्या हाताने दुरुस्त्या पुसल्या आणि फाइल पाठवली. तिकडे सगळं पास झालं. गिऱ्हाईक खूश. आभाराचा फॅक्स वीणाने भिंतीवर लावला, आणि त्याच्याकडे पाहिलं की हयवदनला स्वतःची किळस यायची.

फॅक्स आला त्या संध्याकाळी शकुंतलाबाईंनी ताट वाढलं. नवऱ्याचा चेहरा बघून त्या घाबरल्याच.

“काय झालं वो? काम गेलं?”

“नाही. आणखी तीन वर्षं दिलंय. तेच तपासायचं.”

“मग असं का बसलाय? उठा की!”

बाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि त्यालाही हात जोडायला लावले.