एक नग फळी

प्रिय चिन्मय आणि सानिका,

गेल्या रविवारी चिन्मयने घरच्या ग्रुपवर गाडीचा व्हिडिओ टाकला. गाडी दीड इंच खाली घेतली, सायलेन्सर बदलला, पुढे बंपरखाली काळ्या फायबरचा पातळ ओठ बसवला. "आजी, आवाज ऐक!" सगळ्यांनी अंगठे दाखवले, मी काहीच लिहिले नाही. मग सानिकाचा निरोप आला, आजी रागावली का?

रागावले नाही. तो काळा ओठ पाहून मला एक लाकडी फळी आठवली, आणि ती आठवली की पुढचे दोन दिवस मला दुसरे काही सुचत नाही. तुम्ही लहानपणापासून म्हणायचात, आजी, पोलीस ठाण्यातली एक केस सांग. मी चोरांच्या गमती सांगून वेळ मारून नेत असे. ही कधी सांगितली नाही, कारण हिच्यात मी चुकले होते. आता चिन्मयकडे तशीच गाडी आली आहे, म्हणून लिहून ठेवते. नाव कोणाचेही लिहिणार नाही. माझे शिक्षण इंग्रजीतून झाले असले तरी जबाब आयुष्यभर मराठीत लिहिले, त्यामुळे हेही मराठीतच. जड गेले तर सानिकाने मोठ्याने वाचावे.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. सातारा जिल्ह्यात, कोयनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याची मी प्रभारी होते. जेवणाच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन घेतला. घाटाच्या वळणावर एका बाईला गाडीने उडवले होते आणि गाडी थांबली नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा गवताचा भारा रस्ताभर विस्कटला होता. बाई चाळिशीच्या आसपासची. तिची एक चप्पल पायात होती, दुसरी खाली ओढ्याच्या कडेला सापडली. डॉक्टरांच्या मते ती काही मिनिटे जिवंत असावी. त्या मिनिटांत तिच्याजवळ कोणी नव्हते.

मी घटनास्थळाचा पंचनामा लिहून घेतला. डांबरावर ब्रेक लावल्याची काळी रेघ कुठेच नव्हती, ती गोष्ट मी लक्षात ठेवून लिहवून घेतली. तिथून तीन किलोमीटर खाली एक वस्ती आहे. तिथल्या शाळेसमोर गावकऱ्यांनी स्वतःच घातलेला भलामोठा गतिरोधक होता आणि त्याच्या पायथ्याशी आम्हाला फायबरचा हातभर तुकडा मिळाला. काळा, गुळगुळीत, आतल्या बाजूला लाल रंगाचा ओघळ. बाजूला चहाची टपरी. टपरीवाल्या मावशींना मी विचारले, "दुपारी लाल गाडी जोरात गेलेली पाहिलीत का?"

"न्हाई वो. दुपारी मी घरी जेवाय जाती. टपरी बंद असती."

मी मान डोलावली, तिथेच बसून चहा घेतला आणि निघाले. हे वाक्य लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. सांगलीहून कोणी पुरुष बोलत होता. "लाल गाडी शोधताय न्हवं? सांगलीत अमक्या रस्त्यावर ज्यो गाड्या सजवतोय, त्येच्याकडं बघा. तिचं नाक तुटलंय." फोन बंद. तो कोणाचा होता, हे आजवर मला माहीत नाही. मी फार शोधलेही नाही. खबर देणाऱ्याच्या मागे लागले की पुढची खबर येत नाही.

सांगलीच्या स्थानिक ठाण्यात नोंद करून आम्ही गॅरेजवर गेलो. परदेशी बनावटीची, दोनच माणसांची, जमिनीला चिकटल्यासारखी बुटकी लाल गाडी आत उभी होती आणि तिच्या पुढच्या भागाचा नवा साचा बनत होता. गॅरेजच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणत. पन्नाशी ओलांडलेले मुसलमान गृहस्थ. वडील ट्रकच्या बॉडी बांधायचे, यांनी त्याच कसबाने श्रीमंतांच्या गाड्या घडवायला घेतल्या. बंगळूरहून लोक गाड्या घेऊन यायचे. मी ओळखपत्र दाखवले. ते उठले, फडक्याने हात पुसले आणि म्हणाले, "बसा मॅडम. मीच चालवत हुतो."

मी काही विचारायच्या आत!

माझ्यासोबत आमचे जुने हवालदार होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. छत्तीस वर्षांत असे फार थोड्या वेळा घडले होते. गॅरेजचे जॉबकार्ड तपासले. गाडी सोमवारी आली, शनिवारी द्यायची होती. बाई गुरुवारी गेली. गाडीचे मालक सांगलीतले मोठे कारखानदार. त्यांनी शांतपणे जबाब दिला: गाडी गुरुवारी उस्तादांच्या ताब्यात होती, माझा मुलगा पुण्यात होता. सगळे जुळत होते. उस्तादांनी सांगितले की चाचणीसाठी घाटात नेली, वळणावर ब्रेक लागलाच नाही. रस्त्यावर काळी रेघ नव्हती, म्हणजे तेही जुळले. मी त्यांना अटक केली, गाडी ट्रकवर चढवून ठाण्याच्या आवारात आणली आणि वरिष्ठांना फोन केला की गुन्हा उघडकीस आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांना कोर्टात न्यायचे होते. त्याच वेळी त्या बाईचे पती जबाबावर सही करायला आले. कोयनानगरच्या वसाहतीत माळीकाम करणारा, अंगाने किरकोळ माणूस. व्हरांड्यात दोघे समोरासमोर आले. आमचा शिपाई मध्ये सरसावला, पण त्या माणसाने हात उचलला नाही. टोपी काढून हातात धरली आणि विचारले, "पावणं, शेवटाला ती काय बोलली का?"

उस्तादांनी मान वर केली.

"पानी मागितलं का? एवढंच सांगा. मी काय करत न्हाई तुमाला."

मी आयुष्यभर माणसांचे चेहरे पाहिले. जो तिथे असतो तो अशा वेळी खाली बघतो, नाहीतर चिडतो. उस्ताद त्या माणसाच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिले, जणू उत्तर त्याच्याकडून मिळणार होते. मग म्हणाले, "मला ठाव न्हाई, भाऊ. अल्लाशपथ मला ठाव न्हाई." आणि भिंतीला टेकून रडू लागले.

मी त्यांना गाडीत बसवू दिले नाही. कोर्टाची वेळ दुपारपर्यंत होती. खोलीत आणून खुर्ची दिली, पाणी दिले, आणि गाडीच्या जप्तीचा पंचनामा पुढे घेऊन बसले. मला सवय आहे, कागद ओळीने वाचायची. तुमचे आजोबा त्यावरून थट्टा करायचे, की ही किराणा यादीसुद्धा पंचनाम्यासारखी वाचते. यादीत टायर, चाव्या, कागदपत्रे, आणि बाराव्या ओळीवर हवालदारांचे अक्षर: 'लाकडी फळी, रबर ठोकलेली, एक नग.'

"उस्ताद, ही फळी कशाची?"

पहिल्यांदाच त्यांचा आवाज सरळ झाला. कामाचे विचारले की कारागीर वेगळा माणूस होतो. "मॅडम, गाडी खाली घेतली की आपल्याकडच्या ब्रेकरवर तिचं पोट घासतंय. म्हणून मी खाली घेतलेल्या प्रत्येक गाडीला फळ्या करून देतो. बाभळीच्या. वरनं जुन्या टायरचं रबर. चाकांपुढं टाकायच्या, गाडी अलगद चढवायची, मग उतरून उचलायच्या. शेजारच्या सीटपुढं उभ्या बसतील अशाच मापाच्या."

"त्या दिवशी टाकल्यात?"

"टाकल्या की."

"किती?"

"दोन. दोन चाकं, दोन फळ्या."

"मग दुसरी कुठं आहे?"

ते म्हणाले, "गाडीतच हाय." मी पंचनामा त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. माझ्याकडे पाहिले, पुन्हा कागदाकडे. चोरी पकडली गेल्यावर येतो तो भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. आपली वस्तू कोणीतरी हरवली, याचे साधे आश्चर्य होते.

हवालदार दाराशी उभे होते. हळूच म्हणाले, "बाईसाहेब, ह्ये त्या दिवशी गाडी घिऊन कुठं गेलंच न्हाईत."

मी कोर्टातून एक दिवसाची कोठडी घेतली आणि टपरी गाठली. घाटात चढताना गाडी सकाळीच त्या गतिरोधकावरून गेली असणार आणि फळी तिथेच राहिली असावी, म्हणून मावशींना या वेळी सकाळचे विचारले.

"सकाळची व्हय? लाल गाडी? आवं, आली हुती की! एक पोरगं उतारलं, पांढरं बूट घातल्यालं. रस्त्यात फळ्या मांडाय लागलं. मी म्हनलं, काय रं, लगीन हाय का गाडीचं, पायघड्या घालतोयस ती? हसलं बी न्हाई मेलं. गाडी पलीकडं घेतली, एक फळी उचलली, तवर मागनं एस्टी आली. ड्रायव्हरनं असा भोंगा धरला की दुसरी टाकून पळालं."

"मावशी, मग हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी दुपारचं इचारलंसा. सकाळचं कुठं इचारलं?"

"ती दुसरी फळी कुठंय?"

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "आवं, तुमी बसलायसा न्हवं? तीच की."

मी उठले. दोन दगडांवर ठेवलेली बाभळीची फळी, वरून टायरचे रबर, खालच्या अंगाला तापल्या सळईने डागलेला उस्तादांचा कामाचा क्रमांक. पहिल्या दिवशीही मी तिच्यावर बसूनच चहा प्यायले होते.

पुढचे काम रीतीचे होते. मुलाचा मोबाइल गुरुवारी पुण्यात नव्हता, आमच्या घाटाखालच्या टॉवरवर होता. नायब तहसीलदारांसमोर ओळखपरेड झाली. मावशी रांगेपुढून चालत गेल्या, एका तरुणासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यो. आज बूट बदलल्यात." तोच कारखानदारांचा मुलगा होता. घाटात व्हिडिओ काढायला त्याने गाडी एका दिवसापुरती हट्टाने मागून नेली होती. बाईला धडक दिल्यावर तो गाडी वळवून सुसाट खाली आला, गतिरोधकावर थांबला नाही, तिथे गाडीचा ओठ तुटला.

राहिला एकच प्रश्न. उस्तादांनी गुन्हा अंगावर का घेतला? मी त्यांना तेच विचारले. त्यांनी बोटांची पेरे मोजल्यासारखी केली.

"मॅडम, ब्रेक मी नवीन बसवलं हुतं. पॅड घासून नीट बसल्यात का बघायची शेवटची चाचणी राहिली हुती. पोरगं म्हनलं, संध्याकाळपर्यंत आणतो. मी चावी दिली. संध्याकाळी त्येचे वडील आले, म्हनले, ब्रेक लागला न्हाई, तुझ्या कामानं बाई मेली. आता माझ्या पोराला का अडकवतोस? मी रातभर इचार केला. चाकावर हात त्येचा असंल, पर बाईला मारलं माझ्या कामानं. मग खोटं काय बोललो?"

मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल यायचा होता, आणि तो न वाचता दिलासा देणे मला जमण्यासारखे नव्हते. दोन दिवसांनी अहवाल आला. ब्रेक पूर्ण कार्यक्षम होते. मुलाला समोर बसवून मी विचारले, "ब्रेक दाबला होतास?" तो टेबलाकडे पाहत म्हणाला, "एका हातात मोबाइल होता. ती दिसली तेव्हा... पाय गेलाच नाही. ब्रेकचं पप्पांनी सांगायला सांगितलं."

न दाबलेल्या ब्रेकची रेघ उमटत नाही. रेघ नसण्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला होता.

उस्तादांना सोडण्याचा अहवाल कोर्टात दिला त्या दिवशी मी निरीक्षकांचा कागद त्यांना स्वतः वाचून दाखवला. शेवटच्या ओळीपाशी त्यांनी मला थांबवले. "परत वाचा." मी परत वाचली. "म्हंजे गाडी थांबली असती?"

"थांबली असती, उस्ताद. त्याने थांबवली नाही."

त्यांनी डोळे मिटले. सुटल्याचा आनंद मी पुष्कळांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, हा तसा नव्हता. जाताना म्हणाले, "तरी चावी मीच दिली."

या प्रकरणाने मला शिकवले ते मी नंतर नव्या उपनिरीक्षकांना सांगत असे. नाही म्हणणाऱ्याला आपण दहा प्रश्न विचारतो. हो म्हणणाऱ्याला एकही विचारत नाही. ज्याला आपल्या कामाची चाड आहे तो दुसऱ्याचे पापही आपले समजून उचलतो, आणि ज्याला नाही त्याला हे चांगले ठाऊक असते. मी मात्र वरिष्ठांना फोन करायच्या घाईत होते. त्या माळीकाकांनी व्हरांड्यात तो प्रश्न विचारला नसता, तर मी एका निरपराध माणसावर दोषारोपपत्र ठेवले असते आणि सत्काराची शालही घेतली असती.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी मिळवू शकले नाही. मुलगा थांबलाच नव्हता, मग ती काय बोलली हे कोण सांगणार? मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितले. त्यांनी ऐकले, म्हणाले, "बरं," आणि मला चहा दिला.

चिन्मय, गाडी खाली घे, वर घे, तुझी हौस आहे. बनवणाऱ्याने म्हटले की एक चाचणी राहिली आहे, तर थांब. हातात मोबाइल नको. आणि बाहेर कोणी पडलेले दिसले, तुझ्यामुळे असो वा नसो, तर उतर. जवळ बस. पाणी दे.

खालच्या कोर्टाने मुलाला शिक्षा दिली, वडिलांवरही खोट्या पुराव्याचा खटला आहे. अपील चालू आहे. लाल गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे, टायर बसले आहेत, छतावर करंजाचा पाला साचतो. दोन्ही फळ्या मुद्देमालात जमा आहेत. गेल्या वर्षी कोयनेला जाताना मी टपरीवर थांबले. दोन दगडांवर बाभळीची नवी फळी होती, वर टायरचे रबर. मावशी म्हणाल्या, "सांगलीचं उस्ताद आलं हुतं. म्हनले, पोलिसांनी तुमची बसायची फळी नेली, ही घ्या." मी खाली वाकून पाहिले. डागलेला क्रमांक नव्हता; ही कुठल्या गाडीच्या कामाची नव्हती.

ती फळी अजून तिथे आहे.

तुमची,
आजी