सावलीत दिलेली बहीण

आम्ही वलगावचे, भाजीपाला पिकवणारे. निंदण, तोडणी, सगळं उन्हात. माझी शाळा चौथीत सुटली ती त्यासाठीच. धाकटी बहीण रंगाने उजळ, तिला माय वावरात येऊ देत नसे. तिचं लग्न अकोल्यात ठरलं तेव्हा माय घरोघर सांगत फिरली, "माह्या एका पोरीले तरी सावली भेटली."

सावली खरंच भेटली. दुसऱ्या मजल्यावरचं घर, समोर दुसरी इमारत. उन्हाळाभर खिडक्यांना जाड पडदे आणि कूलर. दुपारी बाहेर पडलीच तर तोंडाला दुपट्टा, हातात मोजे.

चाळिशी उलटली आणि तिचं अंग दुखायला लागलं. आधी कंबर, मग मांड्या, बरगड्या. जिना कठडा धरून अंग ओढत चढायची, डुलत चालायची. कोणी म्हणालं संधिवात, कोणी म्हणालं वजन. दुखण्याच्या गोळ्यांवर वर्षं काढली. सासू म्हणायची, "कामाचं नाव काढलं का हिचे पाय दुखतात."

माय शेवटच्या आजारात खाली गादीवर असायची, खाटेवर तिला झोप येत नसे. बहीण भेटायला आली आणि उभीच राहिली.

"बस न वो माह्यापाशी," माय म्हणाली.

"माय, खाली बसली त मले उठता येत नाही."

मावशी लगेच बोलली, "खुर्ची आणा वो, शहरातली बाई आली! मातीचा डाग लागन तिले."

बाया हसल्या. खुर्ची आली. तिच्यावरून बहिणीचा हात मायच्या हातापर्यंत पोचेना. मायने भिंतीकडे तोंड फिरवलं. बहीण परत गेल्यावर माय मला म्हणाली, "लय मोठी झाली ते." त्याच आठवड्यात माय वारली.

तेरवीला बहीण मुक्कामी होती. न्हाणीचं दार अर्धवट उघडं होतं. ती पाटावरून उठत होती. एक हात बादलीवर, दुसरा गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत ती उभी राहिली आणि रडली. नाटक करणारा माणूस एकटा असताना नाटक करत नाही. मी तिला अकोल्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. ती किंचाळली. हात न टेकता खुर्चीवरून उठ म्हणाल्या, उठता येईना. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. एक्स-रेच्या फोटोत खुब्याच्या हाडाला बारीक चीर दिसली. हाडं मऊ पडलीत, म्हणाल्या.

तिचा नवरा हसला. "अकोल्यात उन्हाची कमी? इथं त ऊन पोत्यात भरून विकता येते, मॅडम."

"गावात पडून काय उपयोग? यांच्या अंगावर कुठे पडतं?"

आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची पुडी दिली, कॅल्शियमची गोळी रोज. चीर भरेपर्यंत काठी. आणि हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ ऊन, पण नुसत्या उन्हाने इतकी कमी भरून निघणार नाही, औषध सोडायचं नाही.

"पुडी रोज घेतली त लवकर बरं होईन का?" बहिणीने विचारलं.

"रोज घ्याल तर किडनी बिघडवून घ्याल. आठवड्याला एकच. आणि मी सांगेन तेव्हा पुन्हा रक्त तपासायचं."

आधी बरगड्या दुखायच्या थांबल्या. जिना चढणं सुधारायला कित्येक महिने गेले.

हिवाळ्यात ती वलगावला आली. मी मेथी काढत होते. बाह्या वर सारून ती वाफ्याच्या कडेला, माय बसायची तिथे, मातीत बसली. जरा वेळाने एक तळहात टेकून उठली. कोणाला न धरता. साडीची माती झटकली नाही.

"पाह्यलं काय वो, बाई?" तिने मला विचारलं.

"पाह्यलं," मी म्हणाले.

ती मायच्या जागी पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिला ते दाखवायचं होतं, पण मला नव्हे.