धर्माजी ऑपरेटरची रडायची खोली

भिसेगावात धर्माजीला आडनावानं कोणी ओळखत नसे. पोस्टमनसुद्धा दारात येऊन "ऑपरेटर, टपाल" अशीच हाक मारायचा. धर्माजी तंबू टॉकीजचा ऑपरेटर. दिवाळी झाली की तंबू निघायचा, आज चौक गावी, चार दिवसांनी लोधिवली, मग खालापूर, कडाव, जिथं जत्रा तिथं. वैशाख सरता सरता गुंडाळून घरी. अशी पंचवीसेक वर्षं त्यानं काढली आणि एवढ्या वर्षांत एकही पिक्चर पाहिला नाही.

हे ऐकून लोक हसायचे. हसू देत. त्यांना खुर्चीत नाहीतर चटईवर बसून आयतं बघायची सवय. तंबूतल्या मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळत असतात. त्या झिजतील तशा हातानं सरकवाव्या लागतात, नाहीतर पडद्यावरची गोरीपान नटी बघता बघता काळवंडते. फिल्म जुनी, कधी तुटेल नेम नाही, आणि तुटली की साऱ्या तंबूतून ऑपरेटरच्या आईबापांचा उद्धार. धर्माजीला समोरच्या भोकातून पडदा दिसायचा, पण चित्र स्वच्छ आहे का, हलत तर नाही ना, एवढंच तो बघे. गोष्ट त्याच्या कानावरून जायची. बायकांचे हुंदके कुठं सुरू होतात, नाकं कुठं शिंकरली जातात, हे मात्र त्याला पाठ होतं. का रडतात, ते ठाऊक नव्हतं.

पुढं घरोघर टीव्ही आले, नाक्यावर व्हिडिओवाले बसले आणि मालकानं तंबू विकून टाकला. धर्माजी घरी पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायला लागला. त्याच वर्षी, दसरा तोंडावर आला असताना, त्याची मुलगी जनी गेली.

जनी एकुलती एक. विशीतली, शिवणकाम करायची, अर्ध्या भिसेगावची झंपरं तिनं शिवलेली. कावीळ झाली, औषध झालं, बरं वाटतंय असं वाटलं आणि मग एका आठवड्यात सगळं आटोपलं. गंगाबाईनं, जनीच्या आईनं, रडून रडून घसा बसवून घेतला. धर्माजीनं लाकडं आणली, मंडपाची दोरी आवळली, बाहेरगावच्या माणसांना पाण्याचे तांबे नेऊन दिले. फिल्म तुटल्यावर हात थरथरून चालत नाही, हात चालूच ठेवायचे असतात, तसे त्याचे हात चालू राहिले. डोळ्यांत टिपूस आलं नाही.

"रड रं दादा, मोकळा हो," त्याची बहीण सोनुबाई त्याला गदागदा हलवून म्हणाली.

तो रडला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्ते आले, वंदना झाली, माणसं जेवून गेली, तरी तो कोरडाच. जाता जाता सोनुबाई अंगणात कुणाला तरी म्हणाली, "माझा भाऊ दगड हाय." हे गंगाबाईनं ऐकलं, धर्माजीनंही ऐकलं. त्या दिवसापासून घरात बोलणंच कमी झालं.

सोनुबाईच्या बोलण्याचा धर्माजीला राग आला नाही. राग आला असता तर बरंच झालं असतं. त्याला काहीच होत नव्हतं. जेवण जायचं, झोप लागायची, जनीची चप्पल दारात दिसली तरी ती नुसती चप्पल दिसायची. आपल्याला पोरीची माया नव्हती की काय, अशी भीती त्याला वाटायला लागली. गंगाबाईला तसंच वाटत असणार, हेही त्याला कळत होतं. ती ताट वाढायची आणि दुसरीकडे तोंड करून बसायची.

एक दिवस इस्त्रीची वायर जोडता जोडता त्याच्या मनात आलं, तंबूत आपण शेकड्यांनी माणसं रडताना ऐकली. ती नटी त्यांच्या नात्याची ना गोत्याची. नुसतं अंधारात बसायचं, समोर बघायचं, आणि रडू यायचं. आपण कधी बसलोच नाही. बसलो तर आपल्यालाही येईल.

तो शेजारच्या कर्जतच्या थेटरात गेला. पडद्यावर जरा उजेड कमी झाला की याची मान मागं वळायची. वरच्या ऑपरेटरनं त्याला भोकातूनच ओळखलं, मध्यंतरात चहाला वर बोलावलं, आणि उरलेला खेळ धर्माजीनं केबिनमध्ये उभ्यानंच काढला. त्या दिवशी घरी येताना त्यानं ठरवून टाकलं. मशीन असं पाहिजे की ते लावायला, सांभाळायला, बंद करायला कोणी लागणार नाही. मी पण नाही. आणि ते आपल्या घरात पाहिजे, कारण रडायला बसलेला धर्माजी ऑपरेटर कर्जतकरांना बघायला मिळणं काही बरं नव्हतं.

तंबूच्या दारावर तिकिटं फाडणारा हिरामण आता रसायनीच्या रस्त्यावर भंगारचा धंदा करत होता. त्याच्याकडे बल्बवर चालणारी दोन जुनी सोळा एमएमची मशिनं पडून होती. कारखान्यांतून आलेल्या भंगारात वीज आपोआप चालू-बंद करणारे रिले होते, छोट्या मोटारी होत्या.

"व्हिडिओच्या जमान्यात हे कशाला रं घेतोस?" हिरामण म्हणाला.

"येळ जात नाय."

हिरामणनं वजनाच्या भावात दिलं आणि वर एक पिक्चरही शोधून दिला. जत्रांमधून फिरून फिरून झिजलेला, तुटेल तिथं कापून जोडलेला, मूळ तीन तासांचा आता दोन मोठ्या रिळांत मावत होता. धर्माजीनं तोच मागितला होता. त्याच्या आठवणीत त्या पिक्चरला सगळ्यात जास्त नाकं शिंकरली जायची.

मागची पडवी त्यानं फळ्या मारून बंद केली. एका टोकाला मशिनांसाठी केबिन, तिला काच आणि दार. भिंतीला चुना दिला, तोच पडदा. दिवा हळूहळू मंद करायची युक्ती नाटकवाल्यांनी त्याला कधीतरी दाखवली होती. चिनी मातीच्या बरणीत मिठाचं पाणी घ्यायचं, त्यात विजेचे दोन पत्रे सोडायचे, एक पत्रा वर उचलत नेला की उजेड कमी होत जातो. तो पत्रा उचलायला त्यानं दोरीच्या दुसऱ्या टोकाला डबा बांधला. डब्यात नळीनं पाणी पडत राही, डबा जड होऊन खाली जाई, पत्रा वर येई. डबा तळाला टेकला की तिथलं बटण दाबलं जाऊन पहिलं मशीन सुरू. पहिलं रीळ संपत आलं की फिल्मच्या कडेला चिकटवलेली सिगारेटच्या पाकिटातली चांदी दोन तारांना एकदम शिवायची, रिले खट्‌ करायचा, हे मशीन बंद आणि ते चालू. दुसऱ्या रिळाच्या शेवटी पुन्हा चांदी, की दिवा लागला. माणसानं फक्त सुरुवातीला एक कळ ओढायची.

बरणी लोणच्याची होती. जनी गेल्यापासून लोणचं घातलेलं नव्हतं, त्यामुळे गंगाबाईनं न बोलता दिली. मग खिडक्यांवरचे गोणपाटाचे पडदे ओढायला एक चाक कमी पडलं. धर्माजी घरात शोधायला लागला, आणि त्याला अगदी हवं तेवढं चाक सापडलं. ते जनीच्या शिलाई मशीनचं होतं.

त्यानं पाना घेतला आणि काढलं. त्याच्या मनात काही आलं नाही. पट्टा त्या चाकावर नीट बसतोय, एवढंच त्याला दिसलं.

संध्याकाळी गंगाबाई भाजीच्या वाफ्यातून आली. उघडं पडलेलं शिलाई मशीन तिनं बघितलं, मग पडवीत येऊन भिंतीवर बसवलेलं चाक बघितलं.

"पोरीचं मशीन खोललंत," ती म्हणाली.

"चाक लागत व्हतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग घरात गेली, आणि त्यानंतर पंधरा दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आळीत आता सगळे सांगत होते की ऑपरेटरचं डोकं फिरलं, पोरगी जाऊन वर्ष झालं नाही आणि हा घरात थेटर काढतोय, उद्या तिकिटं लावील. धर्माजीनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय, रडण्याची सोय करतोय म्हणून?

सगळं जमल्यावर एका दुपारी गंगाबाई बाहेर असताना त्यानं कळ ओढली. चाक फिरलं, खिडक्या झाकल्या गेल्या, डब्यात पाणी पडत राहिलं, दिवा मंद मंद होत विझला आणि भिंतीवर चित्र आलं. धर्माजी बाकावर बसला, हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण केबिनमध्ये मशीनला हात लावून उभे आहोत. कधी उठलो ते त्याला आठवेना. पुन्हा येऊन बसला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. बाकी सगळं आपोआप चालत होतं आणि त्याचे पायही आपोआप चालत होते.

तिसऱ्या दिवशी त्यानं केबिनच्या दाराला कुलूप आणलं. रिळं चढवली, कुलूप घातलं आणि चावी घेऊन गंगाबाईसमोर जाऊन उभा राहिला. ती तांदूळ निवडत होती.

"ही ठेव तुझ्यापाशी. मी मागितली तरी देऊ नको."

तिनं वर बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ती बोलली. "कशाला?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि अंगात तेवढा जोरही नव्हता. "मला रडायचं हाय," तो म्हणाला. "जनीसाठी. मला येत नाय गं. तंबूत लोक रडायचे, तसं बसून बघतो, येतं का."

गंगाबाईचा हात सुपातच राहिला. मग तिनं सूप बाजूला सारलं, चावी पदराच्या टोकाला बांधली आणि त्याच्या मागोमाग पडवीत येऊन बाकावर बसली. तंबूत बायकांची बाजू वेगळी असायची, धर्माजी भोकामागं. पिक्चर लागलेला असताना दोघं एका बाकावर पहिल्यांदाच बसत होती.

त्यानं कळ ओढली.

पहिलं रीळ गेलं. खट्‌ आवाज आला, दुसरं मशीन सुरू झालं. धर्माजी अर्धवट उठला आणि परत बसला. थोड्या वेळानं चित्र थरथरायला लागलं. पट्टा ढिला झाला असणार.

"चावी दे."

"नाय."

"फिल्म तुटंल."

"तुटू द्या," ती म्हणाली.

त्यानं बाकाची कड घट्ट धरली. चित्र थरथरत थरथरत आपसूक स्थिर झालं. मग ती जागा आली, जिथं तंबूत हुंदक्यांनी मशीनचा आवाजसुद्धा बुडून जायचा. धर्माजीनं ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. एक आई दारात उभी आहे, तिची मुलगी गाडीत बसून कायमची चालली आहे, आई हाक मारत नाही. फिल्मवरचा जुना ओरखडा बरोबर आईच्या तोंडावरून खाली आला होता. धर्माजी वाट बघत राहिला. गाडी वळणाआड गेली. खोलीत मशीनची घरघर तेवढी होती. त्याला वाईटही वाटलं नाही. गाडीचा डावा बैल जरा लंगडतोय, असं वाटलं.

चांदी आली, मशीन थांबलं, दिवा लागला. सगळं ठरल्याप्रमाणे बिनचूक झालं होतं.

"आलं का?" गंगाबाईनं विचारलं.

"नाय."

तो चुन्याच्या भिंतीकडे बघत होता. आता हिचं मन कायमचं उठणार, आपण खरंच दगड आहोत हे हिनं शेजारी बसून बघितलं, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणंही कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटलं. गंगाबाईनं त्याचा हात धरून आपल्या गालाला लावला. गाल कोरडा होता.

"मलाबी येत नाय आता," ती म्हणाली. "संक्रांतीपासनं नाय. सोनुबाई आली की पदर लावते डोळ्याला. पदर कोरडाच असतो."

धर्माजीनं तिच्याकडे मान वळवली.

"ते चाक बघितलं तवा मी चिडले नव्हते," ती म्हणाली. "चिडायला पायजे म्हणून गप बसले. आईला एवढं तरी वाटायला पायजे का नको? तुमाला लोक दगड म्हणतात. मला कोन म्हणत नाय, एवढाच फरक."

त्याचा हात तिच्या गालावरच राहिला. काढून घ्यावासा वाटत नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं. तेवढंच.

"परत लावा," गंगाबाई म्हणाली.

"तसं नाय लागत. रिळं आधी उलटी गुंडाळावी लागतात. हातानं."

तिनं पदराची गाठ सोडली, केबिनचं कुलूप उघडलं आणि आत जाऊन हँडलपाशी उभी राहिली. कुठल्या बाजूला फिरवायचं ते त्यानं तिला दाखवलं. ती फिरवायला लागली आणि तो फिल्म बोटांमध्ये धरून समोर उभा राहिला.