मिस्त्रीची पट्टी आणि माझं गुलाबी पत्रक

अन्याय झाला तो नावडे गावच्या मिस्त्रीवर. कधी, तर तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेअकराला, नेरूळच्या भरावाच्या मैदानात, चारचौघांत नव्हे, भरलेल्या मैदानात. केला कोणी? मी. बरोबर आणखी लोक होते, पण माइक माझ्या हातात होता आणि नंतरचं पत्रक माझ्या अक्षरात होतं.

गाडी माझ्या मामेबहिणीची. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई बँकेत नोकरीला, आणि मुंबईत टॅक्सी म्हणून धावायची त्याच जातीची एक जुनी गाडी तिनं घेतलेली. आमच्या नव्या नगरात तेव्हा इमारती कमी आणि मोकळे भूखंड जास्त. त्यातल्या एका भूखंडावर काही हौशी मंडळी वर्षातून दोनदा ऑटोक्रॉस भरवायची. मुरमाच्या जमिनीवर रंगवलेले तेलाचे डबे मांडायचे, एका वेळी एकच गाडी सोडायची, डब्यांमधून वळणं घेत जो सगळ्यांत कमी वेळात बाहेर पडेल तो जिंकला. ताई सोडून सगळे पुरुष. "बायका वळणावर ब्रेक मारतात," असं एकजण मागच्या वेळी तिच्या तोंडावर म्हणाला होता. ताई म्हणाली होती, "मी मारत नाही. माझी गाडी कलते म्हणून मारायला लागतो."

गाडी कलते हे खरं होतं. वळणावर ती एका अंगावर झोपायची. हे कलणं आवरायला पुढच्या दोन चाकांच्या मधे एक वाकवलेला पोलादी दांडा असतो. गॅरेजवाले त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. गाडी कलायला लागली की तो पिळला जातो आणि तिला सरळ धरतो. तो गाडीच्या अंगाला दोन ठिकाणी बांधलेला असतो, प्रत्येक ठिकाणी एक रबरी बुश, म्हणजे दांड्याभोवतीची जाड कडी, आणि त्यावर आवळलेला क्लॅम्प. बार कितीही चांगला असो, ही दोन ठिकाणं सुटली की संपलं. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त बारची जाडी कळत होती.

मी काय करायचो तेव्हा? पत्रकं काढायचो. पाणी येत नाही, पत्रक. बस येत नाही, पत्रक. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल करायची, गुलाबी कागदावर, कारण छापखान्यात तोच पडून असायचा. वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमधून दारोदार वाटायची. वाक्य लहान ठेव, दोषी कोण ते पहिल्या तीन वाक्यांत सांग, आणि एकदा वाटलेलं पत्रक मागे घेऊ नकोस, हे मला ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी शिकवलं होतं. हे शिक्षण मी गाडीलाही लावलं. रबर मऊ, म्हणजे तडजोड. नायलॉनचा बुश कडक, म्हणजे निष्ठा. हसू येतं आता, पण मी अगदी असाच विचार करत होतो.

नावड्याच्या रस्त्यालगत मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. माणूस तिथलाच, वडील मिठागरात कामाला होते, हा वेल्डिंग शिकला. शर्यतीच्या दोन दिवस आधी ताई आणि मी गाडी घेऊन गेलो. मी भंगारातून एका मोठ्या गाडीचा जाडजूड बार मिळवला होता आणि तळोज्याच्या एका ओळखीच्या लेथवर नायलॉनचे बुश करून घेतले होते. दोन्ही वस्तू मी त्याच्यापुढे ठेवल्या.

त्यानं त्यांना हातही लावला नाही. गाडीखाली सरकला आणि पेचकसाच्या मुठीनं पत्र्यावर ठोकत गेला. टक, टक, मग एकदम भद्द.

"ऐकला?" तो खालूनच म्हणाला. "वर रंग हाय, आतून खाडीच्या हवेनी खाल्ला. ताई, तुमच्या गाडीला दांडा नको, आदी पाया पायजे."

"पण जाड बारनं कलणं कमी होईल ना?" मी विचारलं.

"हुईल ना. आनि जोर कुठं जाईल? या पत्र्यात. रबर थोडा जोर खातो, तुजा नायलॉन काय खाणार नाय. आनि पुढं इतका जाड घातलास तर नाक वळायचा नाय, गाडी सरळच जाईल." बाहेर येऊन त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पुढारी, तू मोर्चा काढ. नट मी पिळतो."

ताई खळखळून हसली. मला ते लागलं, आणि पुढे जे झालं त्यात त्या हसण्याचा वाटा आहे, हे लपवत नाही.

त्यानं दोन्ही बाजूंना पत्र्यावर जाड लोखंडी पट्टी वेल्ड केली, जोर एका जागी न पडता पसरावा म्हणून. त्या पट्टीवर आमचाच जुना बार बसवला, बुश नवे, पण रबराचे. शेवटचा पीळ द्यायच्या आधी त्यानं ताईला सीटवर बसवलं आणि मला मागे. "गाडी भरल्याबगर नट पिळायचा नाय. हवेत पिळला तर रबर कायमचा वाकडा बसतो." मग खिशातली पानाची डबी काढली आणि बोटानं चुन्याची एक रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर. नट हलला की रेघ तुटते. त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीला तो ही रेघ ओढायचा.

"जाड बारच घालायचा तर पट्टी लांब करावी लागंल," आम्ही निघताना तो म्हणाला. "रविवार होऊ दे. सोमवारी या."

आम्हाला सोमवारपर्यंत दम निघाला नाही. आम्हाला म्हणजे मला. शनिवारी ताईनं गाडी पळवून पाहिली. "बरीच सुधारली रे," म्हणाली. बरीच! मला पूर्ण हवी होती. दुपारभर मी तिचं डोकं खाल्लं. शेवटी ती म्हणाली, "कर बाबा काय करायचं ते, पण उद्या मला वेळेवर चालू मिळाली पाहिजे."

सोसायटीच्या आवारात, गाडी विटांवर चढवून, मी मिस्त्रीचे नट काढले. चुन्याच्या रेघा तुटल्या. जाड बारचं वळण वेगळं होतं, क्लॅम्प दोन बोटं पुढे येत होता. पट्टीवरची भोकं जुळेनात. मी काय केलं? पट्टी सोडून पुढे, नुसत्या पत्र्यात, नवीन भोकं पाडली. नायलॉन बसवलं आणि गाडी हवेत असतानाच नट करकचून आवळले. मिस्त्रीला कळवलं नाही.

रविवारी तो आला. शेड बंद ठेवून, बस बदलत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. आयोजकांनी त्याला तिथं बोलावलं होतं, कारण पुढच्या खेपेपासून सगळ्या गाड्यांची तपासणी त्याच्याकडे द्यायचं चाललं होतं. त्या माणसाचं सगळं त्या सकाळवर टांगलेलं होतं आणि आम्हाला ते माहीत होतं.

ताईनं पहिली दोन वळणं झकास घेतली. तिसऱ्याला नाक वळलंच नाही, गाडी सरळ गेली. तिनं स्टिअरिंग आणखी ओढलं, आणि पत्रा फाटल्याचा आवाज प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपर्यंत आला. बार जमिनीवर घासत, चार डबे उडवत गाडी थांबली. ताईला काही झालं नाही. वेळ बाद.

आयोजकांपैकी एकानं माइक माझ्या हातात दिला. "काम कोणाचं होतं?"

"नावड्याच्या मिस्त्रीचं," मी म्हणालो. "वेल्डिंग निघालं."

मला खरंच तसं वाटलं का? वाटलं. पाहिलं का? नाही. मिस्त्री दोरीखालून वाकून आला. "मना खाली जाऊ दे. बगू दे काय तुटला ते."

"आता काय बघायचंय?" आयोजक म्हणाले. "पुढची गाडी सोडायची आहे. बाजूला व्हा." त्यांनी त्याला बाहेर काढलं. मी मधे पडलो नाही.

त्याच दुपारी मी स्टेन्सिल कापली. बेजबाबदार तपासणी, बेजबाबदार आयोजन वगैरे. तिसरं वाक्य असं होतं: "हा अपघात निकृष्ट वेल्डिंगमुळे झाला, अशा मिस्त्रींपासून सावध राहा." सोमवारी पत्रक घरोघर पोचलं होतं. नाव नव्हतं त्यात, पण नावड्याच्या रस्त्याला मिस्त्री होते किती?

गुरुवारी ताईनं मला गाडीखाली घातलं. "झोप. आणि बघ." मिस्त्रीची पट्टी जागच्या जागी होती. वेल्ड अखंड. तिची भोकं रिकामी, कडेला तुटलेल्या रेघेचा अर्धा चुना. फाटला होता तो दोन बोटं पुढचा पत्रा, जिथे माझी भोकं होती.

"आता दुसरं पत्रक काढ," ताई म्हणाली.

मी काढलं नाही. पाण्याचा लढा चालू होता. एक पत्रक खोटं ठरलं तर बाकीची कोण खरी मानेल, असं मी तिला सुनावलं. तिनं एवढंच विचारलं, "मग खरं कोणासाठी सांगतोस तू?" त्यानंतर बरेच महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तपासणीचं काम मिस्त्रीला मिळालं नाही. आमच्या भागातल्या गाड्याही त्याच्याकडे जायच्या बंद झाल्या. आता तो नव्या फ्लॅटच्या खिडक्यांना जाळ्या बसवतो. मागच्या महिन्यात शेवटी मी त्याच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. भोकं, नट, पट्टी, सगळं.

तो जाळी घासत राहिला. "मना तेवाच समजला," म्हणाला. "घासत आला तो दांडा माजा नव्हता. मी डोळ्यांनी बगितला."

"मग बोलला का नाहीत?"

"कोनाला बोलू? माइक तुज्याकडं होता." मग त्यानं विचारलं, "ताई चालवते अजून?" चालवते म्हटल्यावर तो म्हणाला, "पट्टी लांब करायची राहिली हाय. तिला सांग, घेऊन ये."

ताईनं गाडी नेली. तिच्या नटांवर पुन्हा चुन्याची रेघ आहे. पण एका गाडीनं त्याचं काम परत येणार नाही. पत्रक घराघरात गेलं होतं, दुरुस्तीही घराघरात जायला हवी, म्हणून हे लिहिलं.

वाशी-नेरूळच्या वाचकांनो, तुमच्या कपाटात, फायलीत, फडताळातल्या कागदांखाली तो गुलाबी कागद अजून असेल. आज काढा. तिसरं वाक्य खोडा आणि तिथे शाईनं लिहा: वेल्ड अखंड होता, पत्रा पत्रक लिहिणाऱ्यानं फाडला. मग तो कागद शेजाऱ्याला दाखवा, आणि तुमची गाडी नावड्याला न्या.