नातीच्या तोंडावरचा स्कार्फ

दूध बंद करा म्हणून ह्या ग्रुपवर तुम्हीच सांगितलंसा बायांनो. दारात दोन म्हशी असून चार महिनं नातीला दुधाचा थेंब दिला न्हाय. साखर बंद, मैदा बंद, रोज मेथीचं पाणी, सांच्याला रंकाळ्यावर फेरी. डॉक्टरीण म्हणाली, पाळीच्या गडबडीनं पुटकुळ्या येत्यात. हनुवटी अजून तशीच लालभडक हाय.

आज पोरगी कॉलेजातनं आली, गाडी लावली आणि स्कार्फ न सोडताच जेवायला बसली.

म्हटलं, "काढ की त्यो. घरात कोण परकं हाय?"

"तू हायस की, आज्जी. रोज मोजतीस."

खरं हाय. रोज सकाळी तिला दारातल्या उजेडात उभी करून मी पुटकुळ्या मोजायची. नवी दिसली की इचारायची, "काल काय खाल्लंस?" पोरीनं काय बी खाल्लेलं नसायचं.

स्कार्फ खालनं उचलून एकेक घास घालत जेवली. पुटकुळ्या हायत तिथंच हायत, आणि आता तोंड बी दिसंना.

जिच्या पोरीच्या पुटकुळ्या खरंच गेल्या, तिनंच काय केलं ते लिवावं. पावडरी विकणाऱ्यांनी आणि "धीर धरा" म्हणणाऱ्यांनी गप बसायचं.